अकरा काचेची भांडी, पाऊण डॉलरला एक

टॉर्व्हिक, मिनेसोटा
शुक्रवार, २० मे १९९४

प्रिय व्हर्ना,

थोरल्या बहिणीला धाकट्या भावाचा नमस्कार. गुडघ्यांमुळे तो वाकून करता आलेला नाही, तरी वाकून केला आहे असं धरून चालावं. तुझी कंबर, हॅरॉल्डचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या अंगणातला तो काटेरी निवडुंग ही तिन्ही आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा करतो. तुमच्या ॲरिझोनात आता माणसं घराबाहेर पडत नसतील. आमच्याकडे तळ्यावरचा बर्फ फुटून महिना झाला, तरी मी लोकरीचा बनियन अजून उतरवलेला नाही. मेमधल्या उन्हावर विश्वास ठेवून बनियन उतरवणारा आपला ओले मामा कसा गेला ते तुला माहीतच आहे. (तो ट्रॅक्टरवरून पडून गेला, पण बनियन नव्हता हे खरं.) बाकी माझी प्रकृती चांगली आहे. डॉक्टरांचं मत वेगळं आहे, पण माझ्या प्रकृतीशी माझी ओळख बहात्तर वर्षांची आणि त्यांची दोन वर्षांची.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की आवराआवर कुठवर आली. पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला तो आवराआवरीमुळेच. येत्या पंधरा जूनला मी हे घर सोडून सू फॉल्सला रोंडाच्या जवळ राहायला जायचं, हे तू आणि रोंडाने फोनवर ठरवलंत आणि मला ते मान्य आहे. मान्य आहे असं मी रोंडाला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलंही नव्हतं. जागा छान आहे म्हणते. दोन खोल्या, चौथा मजला, लिफ्ट. तळघर नाही. तळघर नसलेल्या घरात भांडण झाल्यावर माणूस जातो कुठे, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आता भांडणार कुणाशी?" मुद्दा बरोबर होता.

तर पंचेचाळीस वर्षांचा संसार दोन खोल्यांत मावत नाही, म्हणून गॅरेज सेल. दर मेमध्ये सगळं गाव एकाच शनिवारी आपापली गॅरेजं उघडतं, त्या दिवशी आपणही उघडावं असं शेजारच्या मेविस टोलेफसनने सुचवलं. सुचवलं म्हणजे रविवारी चर्चबाहेर गाठून सांगितलं की यादीत तुमचं नाव घातलंय. मेविसला तू ओळखतेस. चर्चमधल्या कॉफीपासून स्मशानातल्या गवतापर्यंत जे जे गावात वेळच्या वेळी होतं ते तिच्या धाकाने होतं. ती म्हणाली, "वस्तू मांडायला मी मदत करीन, किमती तेवढ्या तुम्ही लावा. तुमचा तर तो धंदाच होता."

धंदा होता खरा. लिंडग्रेनच्या हार्डवेअर दुकानात अडतीस वर्षं मी खिळ्यापासून गवत कापायच्या यंत्रापर्यंत किमती चिकटवल्या. निवृत्तीच्या दिवशी लोकांना घड्याळ मिळतं, मला लेबलं मारायचं पिस्तूल मिळालं. (ते मी आदल्या वर्षीच घरी आणलं होतं. मालकांनी समारंभात फक्त ते अधिकृत केलं.) तेव्हा किंमत लावणं म्हणजे माझ्या हातचा मळ, अशा थाटात मी मंगळवारी सकाळी पिस्तूल भरून गॅरेजमध्ये उभा राहिलो. पहिली वस्तू टोस्टर. त्रेपन्न साली हा टोस्टर आणला त्या दिवशी माझ्या ओपलने हौसेने आठ स्लाइस भाजले, मग आणखी आठ, आणि रात्रीचं जेवण म्हणून आम्ही तेच खाल्लं, कारण दोघांनाही तो दांडा खाली दाबायची पाळी सोडवत नव्हती. मी अकरा डॉलर लावले. कमीच लावले. दुपारी मेविस बघायला आली, लेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेनने अकरातला एक आकडा खोडला. कुठला खोडला हे विचारू नकोस, दोन्ही सारखेच होते.

"आर्व्हिड," ती म्हणाली, "नव्या किमतीचा चौथा हिस्सा. कपडे असतील तर त्याहून कमी. आणि वस्तू चालते की नाही तेवढं लिहा, लोकांना बरं पडतं."

आता चालते की नाही हे एका शब्दात कसं लिहिणार? माझ्यासारख्या माणसाला खोटं लिहिता येत नाही आणि थोडक्यातही लिहिता येत नाही. म्हणून मी टोस्टरवर लिहिलं, 'चालतो, पण डावी बाजू रागीट आहे.' शिडीवर लिहिलं, 'हिच्यावरून रोंडा पडली होती. रोंडा ठीक आहे.' लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आलेले विजेवर चालणारे तीन सुरे (त्या वर्षी सगळ्या पाहुण्यांना एकाच दुकानाने गाठलं असावं) एकत्र बांधून लिहिलं, 'तिन्ही चालतात, एकही लागला नाही.' शिवणयंत्रापाशी मात्र मी दोनदा येऊन परत गेलो. खिडकीजवळ त्या यंत्राचा आवाज चालू असला की ओपल घरात आहे हे मला वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता कळायचं. शेवटी लिहिलं, 'चालतं.' तुझे स्केट्सही माळ्यावर सापडले. पांढरे, टाचेला तुझं नाव कोरलेले, वडिलांनी छत्तीस सालच्या नाताळात आणलेले. ते विकायचा प्रश्नच नव्हता. (सव्वा डॉलरला गेले. मुलगी फार गोड होती.)

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती टाळण्यासाठीच मी इतका वेळ टोस्टरबद्दल बोलत होतो.

तळघराच्या पायरीखाली काचेची चौकोनी भांडी होती. ओव्हनमध्ये ठेवायची, जाड काचेची, अकरा. स्वच्छ धुतलेली, एकात एक घातलेली, मध्ये वर्तमानपत्राचे कागद. ओपलकडे इतकी भांडी होती हे पाहून मला तिचं कौतुकच वाटलं. स्वयंपाकघरात माझा संचार पंचेचाळीस वर्षं टेबलापासून सिंकपर्यंतच, त्यामुळे कपाटात काय आहे हे मला आमच्या गावच्या कौन्सिलच्या हिशेबाइतकंच माहीत. मी एकेक भांडं उलटं केलं. तळाला जुनी, पिवळी पडलेली चिकटपट्टी होती, तिच्यावर काहीतरी खरडलेलं. दुकानातला नियम असा की जुनं लेबल सोलत बसायचं नाही, नवं बरोबर त्याच्यावर मारायचं, म्हणजे काचेला डाग राहत नाही आणि गिऱ्हाइकाला जुनी किंमत दिसत नाही. शिवाय माझा वाचायचा चष्मा त्या वेळी एका बशीत पडला होता आणि बशीला वीस सेंटचं लेबल लागलेलं होतं. मी पिस्तूल धरलं आणि अकराच्या अकरा भांड्यांवर धडाधड पंचाहत्तर सेंट मारले.

शनिवार उजाडला. 'आठच्या आधी येऊ नये' असं मी फाटकावर लिहिलं होतं, तेव्हा गावकरी सहालाच येऊन, कुणी आधी आले असं म्हणू नये म्हणून, गाडीत बसून राहिले. आपल्याकडची घासाघीस तुला आठवत असेलच. कोणी 'कमी करा' म्हणत नाही. माणूस वस्तू हातात घेतो, "बरी आहे," म्हणतो आणि गप्प उभा राहतो. हे गप्प उभं राहणं मला दुकानात कधी सहन करावं लागलं नाही, कारण तिथे मी काउंटरच्या मागे असायचो. इथे इर्मा डालबर्ग दोन डॉलरचा टेबललॅम्प हातात घेऊन इतका वेळ गप्प राहिली की मी दीड म्हटलं, मग एक, मग ऐंशी सेंट, आणि चाळीसवर आलो तेव्हा ती दचकून म्हणाली, "अं? नाही हो, मी घरचा ओव्हन बंद केला का ते आठवत होते." तरी तिने चाळीसच दिले.

आणि भांडी! भांड्यांवर काय झुंबड! गुड्रुन सॅटरली पहिली. तिने एक भांडं उचललं, उलटं केलं, तळाशी बघितलं, बघतच राहिली, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं किंमत जास्त वाटतेय. मी म्हणालो, "अहो, भांडं फार चांगलं आहे. ह्यात काही भाजलं तर तळाला लागत नाही."

"हो का?" ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंत."

"आणि वजनदार. आजकाल अशी मिळत नाहीत."

"नाहीतच मिळत," असं म्हणून तिने पर्स उघडली आणि तीन नाणी माझ्या हातावर ठेवली.

मग इर्मा. मग लवर्न. मग त्या दोघी बहिणी ज्या एकमेकींशी बोलत नाहीत, त्यांनी एकेक. प्रत्येकीने उलटं केलं, थांबली, माझ्याकडे बघितलं, पैसे दिले. अडतीस वर्षांच्या धंद्यात इतक्या चटकन उठणारा माल मी पाहिला नव्हता. व्हर्ना, माझा कान धर आणि वाच. सहावं भांडं गेल्यावर मी उरलेल्यांची किंमत वाढवली. सव्वा डॉलर केली. आणि तीसुद्धा चार जणींनी दिली. मेविस दूर उभी राहून हे सगळं बघत होती. शेवटून दुसरं भांडं तिनेच घेतलं. सव्वा डॉलरला. सुट्टे नाहीत म्हणून मी तिच्याकडून दीड घेतले आणि बदल्यात अंडी फेटायचं यंत्र दिलं.

एकच उरलं होतं. दुपारी दोनच्या सुमाराला डेल्फीन वोयचिक आली. ती पोलिश, कॅथलिक, तळ्याच्या पलीकडची. आपल्या लोकांसारखं पोटात ठेवणं तिच्या रक्तात नाही. तिने भांडं उलटं केलं आणि गॅरेजभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अरे आर्व्हिड, हे तर माझं आहे!"

"आवडलं असेल तर तुझंच," मी म्हणालो, "सव्वा डॉलर."

"आवडलं काय? माझं म्हणजे माझं!" तिने नखाने माझं लेबल खरवडून काढलं आणि त्याच्या दोन्ही कडांनी आधीच डोकावत असलेली चिकटपट्टी माझ्या नाकाशी धरली. बशीतला चष्मा मी डोळ्यांवर चढवला. 'डी. वोयचिक', असं लिहिलं होतं. "ओपलच्या मातीला ह्यातूनच मी बटाटे आणि हॅम आणलं होतं. तू दोन ताटं खाल्लीस आणि कोबी आहे असं समजलास."

व्हर्ना, मला तिथेच खुर्चीवर बसावं लागलं. (खुर्ची विकली गेलेली होती. गिऱ्हाइकाने थांबतो म्हणून सांगितलं.)

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये तू इथे होतीस, तुला आठवत असेल. ओपल गेली त्या आठवड्यात दार वाजायचं थांबत नव्हतं. प्रत्येक बाईच्या हातात खिमा, बटाटे, घेवडा आणि डब्यातलं सूप एकत्र भाजलेली गरम हॉटडिश, वर जाळीदार चीज, आणि भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव, परत पाठवताना चुकू नये म्हणून. मी ते सगळं खाल्लं. कशाची चव लागत नव्हती, पण मी खात राहिलो, कारण भांडं रिकामं झालं नाही तर ज्या बाईने आणलं तिला वाईट वाटेल अशी ओपलचीच शिकवण. तू जाताना भांडी धुऊन पायरीखाली ठेवलीस आणि म्हणालीस, "सवडीने परत कर." आणि सवड मला भरपूर होती. पण आपल्याकडे रिकामं भांडं परत करतात का? ओपल करायची नाही. ज्याचं त्याला भांडं जायचं ते रुबार्बच्या आंबट देठांचा केक घालून, नाहीतर काही नाही तर निदान अंडी घालून. मला केक येत नाही. विकतचा घालून द्यावा तर तिने वर बसून बघितलं असतं. आज करू, उद्या करू, कुणाला तरी विचारू, असं करता करता चौदा महिने गेले आणि कुणाचं काय होतं हे मी साफ विसरलो. खरं सांगायचं तर मला विसरायचं होतं. त्या भांड्यांकडे बघितलं की तो आठवडा परत सुरू व्हायचा.

थोडक्यात, गावातल्या दहा सभ्य बायकांना मी त्यांचीच भांडी विकली. रिकामी. आणि वर त्यांचे गुण समजावून सांगितले.

डेल्फीनने पैसे दिले नाहीत. भांडं काखेत मारून तिने गॅरेजभर नजर फिरवली आणि विचारलं, "तवा कुठाय तुझा?" तवा इर्माने नेला होता. "किटली?" किटली लवर्नने. "मग तू जेवणार कशात?" मी म्हटलं, पंधरा जूनला मी जातोच आहे, तोवर सँडविच. ती म्हणाली, "मूर्ख," आणि गेली. मला बरं वाटलं. सकाळपासून माझ्याशी खरं बोललेली ती पहिली बाई होती.

सोमवारी साडेनऊ डॉलर लिफाफ्यांत घालून मी परत करायला निघालो. पहिली गुड्रुन. दारात उभं राहून मी म्हटलं, "ते भांडं..." ती म्हणाली, "कुठलं भांडं?" मी म्हटलं, "तुमचं." ती म्हणाली, "शनिवारी घेतलं ते? फार छान आहे. काहीच लागत नाही तळाला." मी लिफाफा पुढे केला, तिने मागे केला. मी दुसऱ्यांदा केला, तिने दुसऱ्यांदा मागे केला. तिसऱ्यांदा घ्यायचं असा आपला नियम, पण तिसऱ्या वेळी तिने माझ्या हातात कॉफीचा कप दिला. लिफाफा घ्यायचा म्हणजे आपण ओळखलं होतं हे कबूल करायचं, आणि ओळखूनही पैसे दिले म्हणजे मला लाज वाटणार, आणि मला लाज वाटली तर तिला लाज वाटणार. मेलो तरी चालेल पण समोरच्याची पंचाईत करायची नाही, हे आपलं ल्युथरन चर्चमधलं बाळकडू. पाच घरांत पाच कप कॉफी पिऊन मी लिफाफ्यांसकट परत आलो आणि रात्रभर टक्क जागा होतो. तो कॉफीचा परिणाम होता, असं मी स्वतःला सांगितलं.

मंगळवारी दार वाजलं. गुड्रुन. हातात गरम भांडं, वर जाळीदार चीज. "जरा जास्तच झालं," ती म्हणाली. "नवीन भांडं ना, अंदाज आला नाही." आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेली. तासाभराने डेल्फीन. तिने भांड्याच्या बाजूला, दिसेल अशा ठिकाणी, बोटभर मोठ्या अक्षरांत नाव लिहून आणलं होतं. बुधवारी चौघी आल्या. प्रत्येकीचं जरा जास्त झालं होतं. त्या न बोलणाऱ्या दोघी बहिणी पाच मिनिटांच्या अंतराने आल्या आणि दोघींनी एकच पदार्थ केला होता. काल आणखी पाच आली, शेवटचं संध्याकाळी मेविसचं. डेल्फीनचं सोडून सगळ्यांच्या तळाला माझं लेबल जसंच्या तसं आहे, पंचाहत्तर सेंट, सव्वा डॉलर. ओव्हनमध्ये जाऊनही निघालं नाही. (डिंक चांगला होता. लिंडग्रेन हलका माल ठेवत नसत.)

मी गुड्रुनचं भांडं टेबलावर ठेवलं, विकला न गेलेला एकुलता एक काटा घेतला आणि उभ्यानेच खाल्लं. ह्या वेळी चव लागली. मिरी जरा जास्त होती. व्हर्ना, मी रडलो, हे तुला सांगायला हरकत नाही, कारण लहानपणी तू मला त्याहून क्षुल्लक कारणांसाठी रडवलं आहेस.

सध्या माझ्या स्वयंपाकघरात अकरा भांडी आहेत. सहा रिकामी झाली, पाच फ्रिजमध्ये. ह्या वेळी प्रत्येकाचं नाव मी कागदावर लिहून ठेवलं आहे. बाकी सर्व ठीक. सेल उत्तम झाला, शिवणयंत्र कुणी घेतलं नाही, ते पुन्हा खिडकीजवळ ठेवलं आहे, नुसती अडगळ. पंधरा जूनच्या तारखेत काही बदल नाही. हॅरॉल्डला नमस्कार, निवडुंगाला सांभाळून.

वडीलकीच्या नात्याने तू रागावशील ते रागावून झाल्यावर उरेल तेवढा लोभ धाकट्या भावावर असू दे.

तुझा,
आर्व्हिड

ता. क. पंधरा जूनचं जमेल असं दिसत नाही. अकरा भांडी लोकांची घरात असताना गाव सोडून जाणारा माणूस चोर ठरतो, आणि रिकामी परत करायची चूक एकदा झाली ती पुरे. केक शिकायला हवा. त्यातून तवासुद्धा नाही. हे तू रोंडाला समजावून सांग. तुझं ती ऐकते. मी सांगितलं तर ती म्हणेल बाबांना यायचंच नाही, आणि मग मला चौथ्यांदा मान्य आहे म्हणावं लागेल.

ता. क. २. घर विकणाऱ्या एजंटने अंगणात लावलेली पाटी वाऱ्याने पडली. (वारा कालपासून नाही.)

ता. क. ३. आईच्या रुबार्ब केकची कृती तुझ्याकडे आहे का? असेल तर पाठव. पण पत्राने पाठव, आणि साध्या टपालाने. फोनवर सांगू नकोस. फोनवर सांगितलीस तर मला तो लगेच करावा लागेल.